मुरमाची दबाई शिकताना: साईटवर नव्याने येणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातील रस्त्यांच्या कामांवर साईट इंजिनिअर म्हणून काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे, ते असे की दबाई रोलरइतकीच पाण्यावर अवलंबून असते. म्हणूनच नव्याने रुजू होणाऱ्यांना मी आधी टँकरजवळ उभे राहायला सांगतो.

मुरूम कोरडा असेल, तर कणांमधील घर्षणामुळे ते एकमेकांत नीट बसत नाहीत आणि रोलरच्या फेऱ्या वाढवूनही पोकळ्या राहतात. उलट पाणी जास्त झाले, तर रोलरचा भार त्या पाण्यावरच जातो आणि थर उशीसारखा खाली-वर होऊ लागतो. या दोहोंमधला योग्य ओलावा शोधण्याची पद्धत अमेरिकन अभियंता प्रॉक्टर यांनी १९३३ मध्ये मांडली. या पद्धतीच्या जड दबाईच्या चाचणीत ४.९ किलोचे वजन ४५० मिलिमीटर उंचीवरून पाच थरांवर प्रत्येकी २५ वेळा पाडतात. वेगवेगळ्या ओलाव्यावर असे करून पाहतात; ज्या ओलाव्याला पाणी वगळून मोजलेली घनता सर्वांत जास्त मिळते तो योग्य ओलावा, आणि ती घनता म्हणजे कमाल शुष्क घनता. ही चाचणी एकदा तरी स्वतःच्या हाताने करावी, म्हणजे योग्य ओलाव्याचा मुरूम मुठीत कसा लागतो हे लक्षात राहते. प्रत्यक्ष कामावर ओलावा या योग्य ओलाव्यापेक्षा फार तर १ टक्का जास्त किंवा २ टक्के कमी चालतो. मे महिन्याच्या उन्हात टँकर आणि रोलर यांच्यात थोडे जरी अंतर पडले, तरी वरचा भाग सुकतो. त्यामुळे शक्य तिथे संध्याकाळी पाणी मारून सकाळी लवकर दबाई करणे मला अधिक भरवशाचे वाटते.

रोलर नेहमी कडेकडून मध्याकडे आणि वळणावर खालच्या बाजूकडून वरच्या बाजूकडे न्यावा.

सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या थरांखालच्या दाबलेल्या भरावाला, प्रयोगशाळेतील कमाल शुष्क घनतेच्या ९७ टक्के घनता लागते. ती वाळूच्या चाचणीने तपासतात, म्हणजे थरात छोटा खड्डा खणून त्यात मावणाऱ्या वाळूवरून त्याचे आकारमान काढतात. त्या वेळी खड्ड्यातून निघालेला मुरमाचा प्रत्येक कण ब्रशने ट्रेमध्ये गोळा करावा आणि वाळू खड्ड्यात उतरत असताना जवळचा रोलर थांबवायला लावावा. कंपनाने वाळू दाटून बसते, खड्डा आहे त्यापेक्षा मोठा भासतो आणि चांगला थरही नापास ठरतो. ठेकेदाराच्या माणसांना हे थांबणे आवडत नाही, तरी आग्रह सोडू नये.

सर्वांत जास्त लक्ष पुलाच्या आणि मोरीच्या भिंतीलगतच्या भरावाकडे द्यावे. तिथे मोठा रोलर पोहोचत नाही, भराव पुढे खचतो आणि गाड्या आदळू लागतात. अशा जागी पातळ थर टाकून प्रत्येक थर प्लेट कॉम्पॅक्टरने (कंप पावणाऱ्या सपाट पत्र्याच्या छोट्या यंत्राने) दाबून घ्यावा आणि त्याची घनता तपासल्याखेरीज पुढचा थर टाकू देऊ नये.