वाड्याचं म्युझियम करायचंय? आधी साफसफाई थांबवा

आमच्या इथे बडोद्याच्या दांडिया बाजारात नात्यातल्या एकांनी मागच्या दिवाळीत वाडा म्युझियमसाठी "साफ" केला, म्हणजे स्वयंपाकघरातली काजळी खरवडून ऑइलपेंट मारला, तांब्याचा बंब घासून चकचकीत केला आणि माळ्यावरचं सगळं एका खोलीत ढीग. आता कुठला डबा कुठल्या फडताळातला, कोणालाच सांगता येत नाही. मला खरंच रडू आलं हो.

म्हणून सांगते, आधी फोटो काढा. प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, वस्तू जिथे आहे तिथेच. मग वहीत नंबर टाकायचा आणि तोच नंबर पेन्सिलनं चिठ्ठीवर लिहून सुती दोऱ्यानं वस्तूला बांधायचा, चिकटपट्टी नको, तिचा डाग जात नाही. शेजारी लिहा की ही कोण वापरायचं, कशासाठी, आणि हे सांगितलं कोणी. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बसा. आमच्या आत्याबाईंनी तुळईवरची बोटभर खोल खाच दाखवली, म्हणाल्या पाळण्याच्या दोरीनं झिजलीये ती, चार पिढ्या तिथे झोपल्या. पुट्टी भरली असती की गेलंच होतं सगळं.

भिंती चुन्याच्या असतील तर डागडुजी पण चुन्यानंच. सिमेंट ओल आत कोंडतं, मग क्षार वर येतात आणि गिलावा पोपडे धरून पडतो. वाळवी पावसाळ्याआधी बघा, लाकडावर नखानं टकटक करून, पोकळ वाजलं की सुताराला बोलवा. पैठण्या धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळा, प्लास्टिकमधे नको, आणि घडी दर थोड्या महिन्यांनी बदला नाहीतर जरीचे धागे त्याच रेघेवर तुटतात. रंग लावायच्या आधी रावपुऱ्यातला तांबेकर वाडा बघून या, त्याच्या भिंतींवरची चित्रं बघितली की चुन्याचा हात मारताना आपला हात थांबतो. आणि एम.एस. युनिव्हर्सिटीत म्युझिऑलॉजी, म्हणजे म्युझियम कसं चालवायचं ते, 1952 पासून शिकवतात, बडोद्यात राहून तिथे जाऊन विचारलं नाही तर काय उपयोग!

एक गोष्ट मात्र लोकं शेवटावर ढकलतात, म्युझियम बंद पडलं तर वस्तूंचं काय? अमेरिकेत विस्कॉन्सिनमधे लिटल नॉर्वे होतं, 1856 मधे नॉर्वेहून आलेल्या माणसांनी वसवलेलं शेत. 1927 मधे शिकागोच्या आयझॅक डाहले यांनी ते घेतलं, ओंडक्यांची घरं नीट केली, जुन्या नॉर्वेजियन वस्तूंनी भरली, लोकं बघायला यायला लागली. 1893 च्या शिकागो प्रदर्शनासाठी नॉर्वेत बांधलेली लाकडी इमारतही तिथे आणून उभी केली होती. आपल्या बडोद्यातल्या मराठी लोकांसारखंच ना, गावापासून लांब येऊन बसलेली माणसं आणि त्यांनी जपलेलं घर. तरी 2012 ला ते बंद झालं. ती इमारत मात्र वाचली, सुटी करून परत नॉर्वेत ऑरकांगरला नेली आणि जोडून उभी केली.

तेव्हा ट्रस्टचे कागद करतानाच लिहून घ्या की उद्या चालवायला कोणी उरलं नाही तर वस्तू कुठल्या म्युझियमला जातील, आणि वहीची एक प्रत आजच त्यांच्याकडे देऊन ठेवा.