काइपिरीन्या घरी करताना लिंबू कसं दाबावं

ब्राझीलच्या या पेयात चारच गोष्टी लागतात: लिंबू, साखर, बर्फ आणि काशासा, म्हणजे उसाच्या ताज्या रसापासून केलेली तिथली दारू. सोडा नाही, पुदिना नाही, लिंबाचं बाटलीतलं सरबत तर मुळीच नाही. काशासा रंगहीन घ्या; लाकडी पिंपात मुरवलेली महाग बाटली नुसती प्यायला ठेवा. काशासा मिळालीच नाही तर व्होडका चालेल. ब्राझीलमध्येही तसं करतात आणि त्याला काइपिरोस्का म्हणतात. काजूफेणी घालून बघा असं सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. फेणीच्या वासापुढे लिंबाचं काही चालत नाही.

एका ग्लासाला 60 मिली काशासा, 2 कागदी लिंबं आणि 4 छोटे चमचे साखर. मूळ कृतीत एकच लिंबू असतं, कारण ब्राझीलचं ताहिती लिंबू मोठं, जाड सालीचं आणि बिनबियांचं असतं.

लिंबाची दोन्ही टोकं कापा, उभ्या फोडी करा, मधली पांढरी शीर कापून टाका आणि बी न् बी काढा. ही शीर आणि बिया राहिल्या तर पेय कडू होणारच. मग साखर वाढवून काही उपयोग नाही.

आता खरी कसोटी. मलाही हे हाताला बसायला बराच वेळ लागला. फोडी जाड बुडाच्या ग्लासात साल खाली, गर वर अशा ठेवा आणि वर साखर घाला. लाटण्याचं बोथट टोक गरावर टेकवून दाबा, किंचित फिरवा, उचला. पाच-सहा वेळा, बस्स. ‘चांगलं कुटून घ्या’ असं जिथे लिहिलंय ती कृती तिथेच सोडा. आपल्याला हवा गरातला रस आणि सालीतलं सुवासिक तेल. त्या दोहोंच्या मधला पांढरा थर कडू असतो आणि कुटलं की तो कडूपणा ग्लासात उतरतो. कागदी लिंबाची साल पातळ, म्हणून हात आणखी हलका ठेवा. फोडी चपट्या झाल्या पण साल फाटली नाही, म्हणजे जमलं.

साखर दाणेदारच हवी, कारण दाणे सालीवर घासले की तेल सुटतं. पिठीसाखर किंवा पाक हे काम करत नाही. आपली साखर फार जाड असेल तर मिक्सरमध्ये क्षणभर फिरवा, पीठ करू नका. आणि ती रसातच विरघळू द्या, काशासा नंतर. दारूत साखर नीट विरघळत नाही, तळाशी खडखडत राहते.

काशासा ओता, फोडलेला बर्फ ग्लासभर घाला, तळापासून ढवळा. गाळू नका, फोडी आतच राहू द्या.

पाहुण्यांसाठी आधीच जग भरून ठेवायचा मोह आवरा. साल दारूत पडून राहिली की तासाभरात कडवटपणा चढतो. प्रत्येक ग्लास वेगळा करा आणि लगेच द्या. बाहेर उन्हात बसणार असाल तर त्याआधी हात साबणाने धुवा. लिंबाचा रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर फोड येतात आणि काळे डाग कित्येक आठवडे जात नाहीत.