पांडवलेण्यात राजे कसे वाचावेत

तलाठी म्हणून निवृत्त झालो, पण जुना लेख दिसला की अजूनही आधी नजर जाते ती जमीन कुणाची आणि ताबा कुणाचा याकडे. नाशिकची पांडवलेणी बघायची माझी रीत त्यातूनच आली. (पांडव इथे नावापुरतेच. लेखांत डोंगराचं नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी.)

फाळके स्मारकाजवळून सकाळीच पायऱ्या चढा. वर गेल्यावर सगळे 3 नंबरच्या लेण्यात घुसतात. पहिल्यांदा मीही तेच केलं, आणि सातवाहन राजा गौतमीपुत्राने हरवलं कुणाला, तेच कळेना. आधी 10 नंबर गाठा.

टॉर्च अक्षरांवर सरळ मारू नका. बाजूने तिरका धरा, खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. लेखांची ब्राह्मी लिपी येत नसली तरी 'क' सापडेल: अधिकच्या खुणेसारखा, फक्त उभी काडी लांब.

इथला दानी उषवदात, शक क्षत्रप (राज्यकर्ता) नहपानाचा जावई. तीन लाख गाई दिल्या म्हणतो. ते सोडा, हिशेब बघा. विणकरांच्या श्रेणीकडे (संघाकडे) 2000 कार्षापण (तेव्हाची नाणी) ठेव, व्याज महिना शेकडा एक. वर्षाचे 240 झाले. वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा, म्हणजे 240. पैचा फरक नाही! मुद्दल परत मागायचं नाही, व्याजच खायचं, हेही कोरून ठेवलंय.

आता 3 नंबर. ओसरीत गौतमीपुत्र सातकर्णीचा 18व्या वर्षाचा हुकूम आहे. गोवर्धनच्या अमात्याला कळवतो, उषवदाताच्या ताब्यातलं 200 निवर्तने (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना द्या. लढाईचं वर्णन नाही, पण जावयाचं शेत वाटायला निघालं, म्हणजे सासऱ्याचं राज्य गेलं. (सिन्नरकडे जोगलटेंभीला 1906 साली नहपानाची 13 हजारांवर चांदीची नाणी मिळाली, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलाय.)

त्याखालचा 24व्या वर्षाचा हुकूम माझा लाडका. दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्ती नाही, तेव्हा बदली 100 निवर्तने सरकारी जमीन द्या. नोकरीत असे कागद मी किती हाताळले असतील!

हा हुकूम राजाच्या जोडीने आईच्याही नावाने निघालाय. तिच्यापुढे शब्द आहे 'जीवसुता', जिचा मुलगा हयात आहे ती. तो वाचा, मग दाराच्या बाजूला वळा. तिथे लांबलचक लेख आहे, त्याच आईचा, गौतमी बलश्रीचा. क्षहरातांचा (नहपानाच्या घराण्याचा) निर्वंश करणारा, आईची सेवा करणारा, असं मुलाचं कौतुक ओळीमागून ओळी चाललंय. साल मात्र नातवाच्या राज्याचं, पुळुमावीचं 19वं. आणि स्वतःला ती म्हणवते महाराजाची आई, महाराजाची आजी. 'जीवसुता' तिथे नाही.