परमवीर चक्राच्या मानकऱ्यांची यादी मराठीत कशी करावी

परमवीर चक्राचे आजवरचे मानकरी फक्त २१. इतकी छोटी यादी, तरी शाळेच्या भिंतीवर, गावच्या फलकावर, संकेतस्थळावर ती चुकते. हुद्दा भलताच पडतो, तारीख कशाची आहे ते कळत नाही, हयातीत सन्मान मिळालेल्या जवानापुढे ‘मरणोत्तर’ लागतं. माहिती सगळी उपलब्ध असते. रकाने न ठरवता नावं उतरवायला घेतली की हे होतं. म्हणून आधी रकाने ठरवा.

मथळ्यात ‘विजेते’ लिहू नका, ‘मानकरी’ लिहा. ही स्पर्धा नव्हती.

रकाने सात ठेवा: क्रमांक, नाव, तेव्हाचा हुद्दा, तुकडी, कारवाईची तारीख, ठिकाण, मरणोत्तर की हयातीत. आठवा, फक्त तुमच्या कामाच्या प्रतीत, आधाराचा: राजपत्रातल्या अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख. तो छापला नाही तरी चालेल, पण भरल्याशिवाय ओळ पक्की धरू नका. तयार ओळ अशी दिसते:

३ | रामा राघोबा राणे | सेकंड लेफ्टनंट | ३७ असॉल्ट फील्ड कंपनी, बॉम्बे सॅपर्स | ८ ते ११ एप्रिल १९४८ | नौशेरा-राजौरी रस्ता, जम्मू-काश्मीर | हयातीत

राणे मेजर म्हणून निवृत्त झाले, म्हणून बऱ्याच याद्यांत ते ‘मेजर राणे’ असतात. पण सुरुंग काढत रणगाड्यांना वाट करून देणारा अधिकारी सेकंड लेफ्टनंट होता. हुद्दा कारवाईच्या दिवशीचाच द्यावा. नंतरचा द्यायचाच असेल तर खाली टिपेत. ‘राम’ की ‘रामा’ याबद्दलही एकच रूप ठरवा आणि दुसरं रूप टिपेत नोंदवा, म्हणजे कुठल्याही रूपाने शोधणाऱ्याला नाव सापडेल. ‘सिंग’ आणि ‘सिंह’ यांचंही तेच. अर्ध्या यादीत एक आणि अर्ध्या यादीत दुसरं, असं कधीही ठेवू नका.

तारखेच्या रकान्याला नुसतं ‘तारीख’ हे नाव देऊ नका. कारवाईची तारीख, वीरमरणाची तारीख, राजपत्राची तारीख आणि पदक प्रदान झाल्याची तारीख या चार वेगळ्या गोष्टी आहेत. लेफ्टनंट कर्नल तारापोर फिलोराच्या लढाईत ११ सप्टेंबर १९६५ ला जखमी झाले, तरी रणगाड्यातून उतरले नाहीत, आणि १६ सप्टेंबरला धारातीर्थी पडले. एकाने ११ लिहिलं, दुसऱ्याने १६, तर वाचणारा दोघांनाही चूक समजतो. एक निकष ठरवा, तो तक्त्याच्या वर एका वाक्यात सांगा आणि शेवटच्या ओळीपर्यंत पाळा.

महिना नेहमी अक्षरांत लिहा. कॅप्टन सलारिया यांची कारवाई ५ डिसेंबर १९६१ ची. ती ५/१२/१९६१ अशी टाकली आणि संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असली, तर ती १२ मे होऊन बसते. त्यांच्या ओळीत आणखी एक गोष्ट सांभाळा. ही कारवाई काँगोमधल्या एलिझाबेथविल इथली, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली. त्या शहराचं आजचं नाव लुबुम्बाशी. ठिकाण लिहिताना तेव्हाचं नाव आधी, आजचं त्यानंतर. गावांनाही हेच लागू. राण्यांचं मूळ गाव कारवारजवळचं चेंडिये तेव्हा मुंबई इलाख्यात होतं, आज कर्नाटकात आहे. नुसतं ‘महाराष्ट्र’ किंवा नुसतं ‘कर्नाटक’ लिहिलं की वाद सुरू होतो, आणि मूळ माणूस बाजूला राहतो.

तुकडीचा रकाना एक्सेलमध्ये सगळ्यात जास्त दगा देतो. बटालियनचा आकडा वेगळ्या रकान्यात घेऊन ‘1/8’ किंवा ‘3/5’ टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं, आणि नंतर लक्षात येईपर्यंत मूळ आकडा गेलेला असतो. त्यामुळे काही भरण्याआधी तो रकाना निवडून ‘टेक्स्ट’ करा. यादीत मात्र पूर्ण लिहा: ‘८ गोरखा रायफल्सची १ली बटालियन’. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर (स्क्रीन रीडर) ‘१/८’ ला अपूर्णांक किंवा तारीख समजू शकतं, आणि सैन्याबाहेरच्या वाचकालाही तिरक्या रेघेचा अर्थ माहीत नसतो.

‘मरणोत्तर’ हा शब्दच लिहा. फुली, तारा, लाल रंग नको. स्क्रीन रीडर चिन्हं बरेचदा गाळतो, आणि रंग काळ्यापांढऱ्या झेरॉक्समध्ये नाहीसा होतो. या रकान्यात दोन नावं दोनदा तपासा. मेजर धनसिंग थापा १९६२ मध्ये हुतात्मा झाले असं धरून त्यांचा सन्मान मरणोत्तर जाहीर झाला. प्रत्यक्षात ते चिनी कैदेत होते आणि परत आले. कारगिलमध्ये ग्रेनेडिअर योगेंद्रसिंग यादव यांचा सन्मानही आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाला होता. ते रुग्णालयात उपचार घेत होते. त्या वेळच्या बातम्यांवरून केलेल्या यादीत ही चूक हमखास शिरते.

यादी पुरी झाली की बेरीज करा. एकूण २१, मरणोत्तर १४, हयातीत ७. हवाई दलाचे एक, फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों. बाकी २० भूदलाचे. मोहिमांप्रमाणे: १९४७-४८ चे ५, काँगो १, १९६२ चे ३, १९६५ चे २, १९७१ चे ४, सियाचिन १, श्रीलंका १, कारगिल ४. मरणोत्तर १५ आले, तर आधी थापा आणि यादव यांच्या ओळी उघडा.

दुसऱ्या पदकांची यादी करताना दोन ठिकाणी जास्त जपावं लागतं. महावीर चक्र एकाच व्यक्तीला दोनदा मिळाल्याचीही उदाहरणं आहेत. जनरल अरुणकुमार वैद्य यांना ते १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत मिळालं. म्हणून एक ओळ म्हणजे एक सन्मान, आणि दुसऱ्या ओळीत ‘दुसऱ्यांदा’ असं स्पष्ट. व्यक्तींची आणि सन्मानांची संख्या वेगवेगळी द्या. दुसरं, १९६७ पूर्वी आजचं कीर्ती चक्र हे ‘अशोक चक्र, वर्ग २’ होतं आणि शौर्य चक्र ‘वर्ग ३’. जुन्या कागदावरून उतरवताना ‘वर्ग ३’ गळलं की शौर्य चक्राचा मानकरी अशोक चक्राच्या यादीत जातो. नाईक यशवंत घाडगे आणि शिपाई नामदेव जाधव यांचे व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) दुसऱ्या महायुद्धातले, इटलीतले. त्यांना स्वतंत्र तक्ता द्या.

आता टंकन. श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमधली यादी दिसते देवनागरी, पण संगणकाला ती रोमन अक्षरांची खिचडी असते. ती शोधता येत नाही आणि वाचून दाखवता येत नाही. युनिकोडमध्येच टाइप करा. युनिकोडमध्येही ‘ऱ’ दोन प्रकारे उमटतो: एकच अक्षर म्हणून, किंवा ‘र’ खाली नुक्ता देऊन. दिसायला सारखे, पण ‘कुऱ्हाडे’ शोधल्यावर निम्मी नावं सापडत नाहीत. ‘शोधा आणि बदला’ वापरून सगळे एकाच प्रकारचे करून घ्या. पीडीएफ केल्यावर त्यातलं ‘सिंग’ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. वेलांटी भलत्या जागी गेली तर ती पीडीएफ देऊ नका, वर्ड किंवा वेबपान द्या.

देवनागरी अंकांतली तारीख एक्सेल बहुधा मजकूर म्हणून धरतं, त्यामुळे क्रम लावल्यावर ‘२३ ऑक्टोबर १९६२’ ही ‘३ नोव्हेंबर १९४७’ च्या आधी येते. उपाय सोपा: एक छुपा रकाना करा आणि त्यात १९४७-११-०३ अशी, वर्ष-महिना-दिवस आणि एकअंकीला शून्य लावून तारीख भरा. क्रम त्यावर लावा. आडनावानुसार क्रम या यादीत जमत नाही, कारण ‘सिंग’ अनेकांचं आहे आणि कुणी त्याखाली शोधत नाही.

तक्ता खरा तक्ता असावा, चित्र किंवा स्क्रीनशॉट नव्हे. पहिली ओळ शीर्षकाची म्हणून ठरवा आणि वर्डमध्ये ती प्रत्येक पानावर पुन्हा येईल अशी सोय करा. वेबपानावर नावाचा रकानाही ओळीचं शीर्षक म्हणून नोंदवा, म्हणजे ऐकणाऱ्याला ‘हयातीत’ कुणाबद्दल ते कळतं. तक्त्यातली घरं एकत्र जोडू (मर्ज करू) नका. ‘१९७१’ चार ओळींत चारदा लिहा. पानाची भाषा मराठी अशी नोंदवा, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकुरालाही इंग्रजी आवाज लावू शकतो. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) असावा. भगव्यावर पांढरं बहुतेक वेळा तिथेच नापास होतं. फोटोच्या पर्यायी मजकुरात (स्क्रीन रीडर फोटोऐवजी जो वाचतो त्यात) ‘जवानाचा फोटो’ नको, हुद्दा आणि पूर्ण नाव लिहा.

शेवटची तपासणी दोघांनी करा. एकाने मूळ राजपत्रातून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने यादीतली ओळ बोटाने धरायची. २१ ओळींना अर्धा तास पुरतो.