रक्तदाब मोजताना या चुका टाळा

उच्च रक्तदाबाचे निदान एकदा झाले की ते बहुधा आयुष्यभराची सोबत करते, आणि ज्या आकड्यावर ते उभे राहते तो आकडा मात्र अनेकदा रुग्ण खुर्चीत टेकतो न टेकतो तोच, त्याच्याशी बोलता बोलता, अर्ध्या मिनिटात उरकला जातो. नव्याने शिकणाऱ्यांना मी रक्तदाब घ्यायला शिकवते, तेव्हा त्यांचे सगळे लक्ष यंत्राकडे असते. दंडाकडे फार थोडे जण पाहतात.

सर्वात महागात पडणारी चूक पट्ट्याच्या मापाची आहे. पट्ट्याच्या आतली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाला वेढणारी आणि रुंदीला घेराच्या सुमारे ४० टक्के असावी लागते. ती लहान पडली की पट्ट्यातला दाब खालच्या धमनीपर्यंत पुरता पोहोचत नाही, धमनी बंद करण्यासाठी अधिक हवा भरावी लागते आणि तो जास्तीचा दाब रुग्णाच्या नावावर लिहिला जातो. एकदा माझ्याकडे एक बाई चौथी गोळी सुरू करण्यासाठी पाठवल्या गेल्या, कारण तीन गोळ्या चालू असूनही वरचा आकडा १६० च्या खाली येत नव्हता. तक्रार विचारली तर म्हणाल्या, "उठून उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते." दंड चांगला भरलेला होता आणि नेहमीचा पट्टा फुगवताना त्याचे वेल्क्रो करकर आवाज करत सुटत होते. टेपने घेर मोजून मोठा पट्टा बांधला, पाच मिनिटे शांत बसवले, तेव्हा वरचा आकडा १२८ आला आणि उभे केल्यावर तो १०४ वर घसरला. त्यांना चौथ्या गोळीची नव्हे, चालू गोळ्या कमी करण्याची गरज होती. तेव्हापासून शिवणकामाची टेप माझ्या टेबलावरून हललेली नाही. घरगुती यंत्रांसोबत येणारा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटीमीटर घेरासाठी असतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्यावा. "ताणून बसवला की चालतो" हे मला मुळीच मान्य नाही.

दुसरी चूक घाईची. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, आणि तोंड बंद, अशी पाच मिनिटे गेल्याशिवाय पट्टा फुगवू नये. मोजताना रुग्णाला प्रश्न विचारणारे पाहिले की मला राहवत नाही, कारण नुसत्या बोलण्यानेही वरचा आकडा सहज १० ने चढू शकतो. हात टेबलावर असा टेकवावा की पट्टा हृदयाच्या पातळीवर येईल. दंड त्याच्या १० सेंटीमीटर खाली राहिला तर आकडा ७ ते ८ ने वाढतो. हात लोंबकळत ठेवून घेतलेले माप मी वहीत लिहू देत नाही.

बाहीवरून पट्टा बांधू नये. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यावे. चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम यांनंतर अर्धा तास जाऊ द्यावा. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजावे आणि ज्यावर आकडा जास्त येतो तोच दंड पुढे वापरावा.

स्टेथोस्कोपने मोजणाऱ्यांनी आधी मनगटाची नाडी चाचपून ती कोणत्या दाबाला लुप्त होते ते पाहावे आणि मग त्याच्या ३० वर हवा भरावी. काही रुग्णांमध्ये हवा सोडताना ऐकू येणारे धमनीचे आवाज मधेच नाहीसे होऊन पुन्हा येतात, आणि ही पायरी गाळणाऱ्याला वरचा आकडा खोटाच कमी मिळतो. हवा अशी सोडावी की दाब सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर (पाऱ्याच्या मापात) इतकाच उतरेल. जो झपकन सोडतो तो आकडा ऐकत नाही, अंदाज बांधतो. शेवटचा अंक शून्य करण्याची सवयही तशीच वाईट, कारण १३६ चे १४० झाले की निरोगी माणूस रुग्ण ठरतो.

एका मापावर निदान करू नये. एका बैठकीत मिनिटभराच्या अंतराने दोन-तीन मापे घ्यावीत आणि शक्य असेल तर घरची मापे मागवावीत: सात दिवस, सकाळ-संध्याकाळ दोन-दोन, पहिला दिवस वगळून उरलेल्यांची सरासरी. दवाखान्यात १४०/९० ही रेषा मानली, तर घरी ती १३५/८५ धरतात. काहींचा दाब डॉक्टरांसमोरच चढतो, तर काहींचा दवाखान्यात ठीक असतो आणि घरी वाढलेला; दोघेही एका मापात सापडत नाहीत. मात्र १८०/१२० च्या वर आकडा असून छातीत दुखणे, धाप, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायात अशक्तपणा असेल, तर सात दिवसांची वही न भरता तातडीने रुग्णालय गाठावे.

घरची वही तपासताना मी यंत्राची स्मृतीही उघडून पाहते, कारण अनेक जण नकोसे आकडे गाळून चांगले तेवढेच उतरवून आणतात. आणि नाडी अनियमित लागत असेल, तर स्वयंचलित यंत्रावर विसंबू नये. स्टेथोस्कोपने अनेक मापे घेऊन सरासरी काढावी आणि ईसीजी करून घ्यावा.