मराठवाड्यात राहून पक्ष्यांचा अभ्यास करायचाय? आधी वही नीट ठेवा

झूलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली मुलं-मुली विचारतात, ‘ताडोब्यात कुणाची ओळख आहे का?’ माझं उत्तर ठरलेलं असतं. गावाबाहेरच्या पाझर तलावापासून सुरुवात करा. आपल्याकडे दाट जंगल कमी, हे खरं. पण गोदावरी आहे, बालाघाटाच्या उतारांवरचं खुरटं गवत आहे आणि त्या गवतात धाविक, चंडोल, पखुर्डी असे माळावरचे पक्षी आहेत, शिवाय खोकड, लांडगा आहेत. कागदोपत्री ही जमीन पडीक. म्हणून पावसाळा आला की कुणीतरी तिथे खड्डे खणून रोपं लावतं. उघड्या माळावर वाढलेल्या पक्ष्याला त्या झाडांची सावली नको असते, हे तुम्हाला घरीदारी समजावत राहावं लागेल. मी अजून समजावतेय.

आता ज्यात जवळजवळ प्रत्येक जण अडकतो आणि मीही अडकले, ते सांगते. यादी वाढवण्याचा नाद. आज काय काय दिसलं तेवढंच लिहायचं, नवीन पक्ष्याखाली रेघ मारायची आणि खूश होऊन घरी यायचं. पुढे अभ्यासासाठी वही उघडली की कळतं, यातून काहीच सिद्ध होत नाही. किती वेळ थांबलो, किती चाललो, किती जण होतो, पाणी कुठवर होतं, काहीच लिहिलेलं नसतं.

नाथसागराचंच, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयाचंच बघा. 1986 पासून तो पक्षी अभयारण्य आहे. जलाशय पसरट आणि उथळ, त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी काठ लांबवर उघडा पडतो. कुठे गाळपेरा, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पेरणी होते, कुठे नुसता चिखल राहतो, आणि त्या चिखलावर तुतारी, शेकाटे असे काठावरचे पक्षी उतरतात. दुष्काळात आजूबाजूचे लहान तलाव आटले की तिथली बदकंही उरलेल्या पाण्यावर येतात. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा वर्षी एकाच काठावर उभं राहून नुसता आकडा लिहिला तर वाटेल, वा, पक्षी वाढले! खरं तर त्यांना जायला दुसरी जागाच उरलेली नसते. भरल्या वर्षी उलटं होतं. पाणी काठाला टेकतं, थवे पांगतात आणि तुमचा आकडा पडतो. मग ‘पक्षी संपले’ अशी बातमी सुटते. दोन्ही वेळा पक्षी खोटं बोलत नाहीत. वही अर्धी असते.

म्हणून पोचल्याची वेळ, निघाल्याची वेळ, चाललेलं अंतर, सोबतची माणसं लिहा. पाण्याची खूण एखाद्या कायमच्या गोष्टीवरून ठरवा, विहिरीचा कठडा किंवा पंपघराची पायरी. थवा मोठा असेल तर दहा-दहाचे गट करून मोजा. तलाव तोच, वाट तीच ठेवा. आणि काही दिसलं नाही त्या दिवशी ‘काही नाही’ असं लिहाच. बहुतेक जण ती फेरी गाळतात, आणि पक्षी कधी आले, कधी गेले हे नेमकं त्या रिकाम्या नोंदींवरूनच कळतं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना ‘ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवले का’ असा प्रश्न येतो. तिथे सवयीने ‘हो’ दाबू नका.

झटपट मार्गांबद्दल माझं मत कडक आहे. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. घरट्याचे फोटो तर नकोच. माळटिटवी ऐन उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर उथळ खळगा करून बहुधा चार अंडी घालते. मातकट रंगावर काळे ठिपके, दोन पावलांवरूनही खड्यांत मिसळून जातात. दुपारी ती अंड्यांवर सावली धरून उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते. 42 अंशांच्या उन्हात तुम्ही कॅमेरा घेऊन तिला अर्धा तास दूर ठेवलंत तर अंडी तिथेच शिजतील. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंड्यांना, घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्या व्याख्येत येतं, हेही पाठ असू द्या.

मार्गदर्शक निवडताना एकच बघा, तो तुमच्यासोबत उन्हात येतो का. माझ्या हिवाळाभराच्या नोंदी एका अहवालात माझ्या नावाशिवाय छापल्या गेल्या. तेव्हा फार लागलं होतं, अजूनही लागतं. नोंदी देण्याआधी नाव कुठे येणार ते लिहून घ्या. आणि मेंढपाळांशी बोला. लांडग्याची वाट, पखुर्डीचं पाणवठ्यावर येण्याचं वेळापत्रक त्यांना तोंडपाठ असतं.

पैशाचं स्पष्ट सांगते. प्रकल्पांतली कामं मुदतीची असतात, कायम नोकऱ्या मोजक्या. घरी याची कल्पना आधीच द्या. वनरक्षक भरतीची किंवा वनसेवेची तयारी सोबत चालू ठेवली तर त्यात कमीपणा काहीच नाही. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र इथल्या एम.एस्सी.साठी प्रयत्न जरूर करा. इंग्रजीची धास्ती मलाही होती. रोज शोधनिबंधाचं एक पान शब्दकोश घेऊन वाचलं की ती हळूहळू जाते. संख्याशास्त्र मात्र टाळू नका, खरी गाळण तिथे होते.

अभयारण्यात अभ्यास करायचा तर वनविभागाची लेखी परवानगी लागते आणि ती यायला वेळ जातो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. पोळा झाला की तलाव ठरवा, अर्ज टाका आणि पट्टकादंब हे हिवाळी पाहुणे हंस यायच्या आत त्या वाटेवर निदान महिनाभर नियमित फिरून घ्या.