मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण ठेवताय? मग या चुका टाळा

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या कंपन्यांना मानसिक आरोग्य आठवतं. वक्ता येतो, दोन तास स्लाइड्स, मग चहा-समोसा आणि ग्रुप फोटो. दांडिया बाजारातल्या मराठी मंडळांचंही तेच, फक्त तिथे व्याख्यान आरतीच्या आधी उरकायचं असतं.

गडबड अशी होते की लक्षणांची यादी पाठ होते आणि बोलायचा सराव राहून जातो. झोप उडणं, चिडचिड, कामात चुका हे आता सगळ्यांना तोंडपाठ आहे. सुपरवायझर अडतो तो पहिल्या वाक्यावर. ‘काय झालंय तुला हल्ली?’ असं मशीनपाशी चार जणांसमोर विचारलं, की समोरचा ‘काही नाही, साहेब’ म्हणून मोकळा होतो. तेच शिफ्ट सुटल्यावर स्कूटर स्टँडपाशी विचारा: ‘भाऊ, आठवडाभर बघतोय, तुमचा डबा तसाच परत जातोय. काय चाललंय?’ डोळ्यांना दिसलेली एक गोष्ट सांगायची आणि गप्प राहायचं. हे गप्प राहणंच कठीण. जरा शांतता झाली की आपण लगेच ‘अहो, टेन्शन कुणाला नाही? सकाळी फिरायला जात जा’ सुरू करतो. जोड्या लावून हे अर्धा तास तरी घोटून घ्या. ज्यांचं आपसातलं बोलणं गुजरातीत चालतं त्यांच्याकडून गुजरातीत, मंडळात मराठीत.

आत्महत्येबद्दल थेट विचारायला कचरणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती निराधार आहे. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. उत्तर हो आलं तर माणसाला एकटं सोडू नका. काही ठरवलंय का, गोळ्या किंवा कीटकनाशक हाताशी आहे का, हे विचारा, ते दूर करा आणि घरच्यांपैकी कुणाला तरी बोलावून सयाजी हॉस्पिटल गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे. २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत, चोवीस तास आहे आणि मराठी-गुजरातीतही बोलता येतं. ‘पोलीस केस होईल’ म्हणून आत्महत्येचा प्रयत्न लपवणारी घरं अजून आहेत. त्यांना सांगा, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ अशा माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानतं आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतं.

काही जण एका दिवसाच्या प्रशिक्षणानंतर अर्धे डॉक्टरच होतात. ‘तुम्हाला डिप्रेशन आहे’ म्हणणारे परवडले. ‘त्या गोळ्यांची सवय लागते, बंद करा’ म्हणणारे काका जास्त घातक. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि नेमक्या त्याच काळात हा सल्ला मिळतो. आपलं काम ऐकून घेऊन योग्य दारापर्यंत नेण्याचं. ते दार आधी ठरलेलं हवं: सयाजी हॉस्पिटलची मानसोपचार ओपीडी, कारेलीबागेतलं सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय, किंवा जवळचा खाजगी मानसोपचारतज्ज्ञ. ओपीडीचे वार-वेळा फोन करून विचारा आणि कार्डावर छापून वाटा.

ऐकलेलं व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं तर पुढच्या वर्षी तुमच्यापाशी कुणी तोंड उघडणार नाही. मात्र ‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. जिवाला धोका दिसला तर सांगावं लागेल, हे बोलणं सुरू होतानाच स्पष्ट करा.

आणि साहेब लोक? ते उद्घाटनाचा दिवा लावून मीटिंगला निघून जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यवस्थापकांच्या प्रशिक्षणाची वेगळी शिफारस आहे, आणि कामाचं स्वरूप बदलण्याचीही. बारा-बारा तासांची ड्यूटी, सुट्टी मागितली की टोमणे, आणि वर श्वासाचे व्यायाम, हे कामगाराला बरोबर कळतं. पुढच्या वेळी मॅनेजरांना पहिल्या रांगेत बसवा, फोन बाहेर ठेवायला लावा, आणि ड्यूटीचा तक्ता त्याच खोलीत समोर घ्या.